बोयाला कोण लागलं

तलावावरच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सलग पाच वर्षं जी होडी पहिली येत होती, तिच्यात माणसं दोन बसत. गावाला त्यातलं एकच माहीत होतं. ते म्हणजे कप्तान. चष्म्यांच्या दुकानाचा मालक, वजन छप्पन्न किलो, आणि बोलायला लागला की समोरच्याच्या चष्म्यावर वाफ धरेपर्यंत थांबायचा नाही. दुसरं माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला अख्खा क्लब ताई म्हणे. तिचं वजन कोणी विचारत नसे, कारण हातच्या काकणाला आरसा कशाला?

ताई पडदे शिवायची. भावाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लांबलचक टेबल, गळ्यात टेप आणि ओठांत चार-पाच टाचण्या. टाचण्यांमुळे गिऱ्हाइकांना ती फार शांत स्वभावाची बाई वाटे. टाचण्या काढल्या की त्यांचा गैरसमज दूर होई.

या होडीच्या भानगडीत ती पडली चौतिसाव्या वर्षी. तोवर कप्तानाचा जोडीदार बँकेतला एक कारकून होता, तोही काडीपैलवान. ही होडी म्हणजे जेमतेम दोन माणसांची. वारा वाढला की ती एका अंगाला कलंडते, आणि मग कोणीतरी पट्ट्यात पाय अडकवून दुसऱ्या अंगाला पाण्यावर बूड लोंबकळत ठेवून तिला सरळ धरावं लागतं. दोन काड्या एकत्र लोंबकळल्या तरी होडीला त्याचा पत्ता लागत नसे. एका मोसमात दोघं अकरा वेळा उलटले. कारकुनाने राजीनामा दिला आणि कप्तान बहिणीकडे आला.

"ताई, एक काम होतं. नुसतं बसायचं आहे," तो म्हणाला.

भावावर विश्वास ठेवण्याची तिला लहानपणापासून खोड होती. पहिल्या दिवसानंतर तीन दिवस तिला बसता आलं नाही, पडदे तिने उभ्यानेच शिवले. पण त्या दिवशी होडी उलटली नव्हती. इतकंच नाही, तिसरी आली होती. चौथ्या दिवशी ताईने स्वतःच फोन करून पुढची शर्यत कधी आहे म्हणून विचारलं.

तेव्हापासून ताईचं जेवण हवामान खात्याच्या हाती गेलं. गुरुवारी कप्तान अंदाज बघे आणि फोन करी. वारा जोराचा असला तर वहिनी डबा पाठवी, आणि डब्यावर डबा. वारा पडणार असला तर दोन दिवस जरा बेताने घे, असा निरोप येई. ताई दोन्ही निरोप ऐकून घेई आणि भूक लागेल तेवढं जेवे.

तरी नुसतं वजनच हवं असतं तर वाळूचं पोतंही चाललं असतं. सतरा वर्षं कापड हाताळलेली ही बाई. शीड कुठे ताणलंय, कुठे ढिलं पडलंय, ते तिला न बघता कळे. पाण्याकडे पाठ करून लोंबकळत ती म्हणे, "वरच्या कोपऱ्यातलं कापड मेलंय, छोट्या, जरा उजवीकडे घे." छोट्या, म्हणजे आपला कप्तान, उजवीकडे घेई. संध्याकाळी क्लबात वारा आपल्याला आतून कसा जाणवतो, ते तो सगळ्यांना सांगे. ताई शेजारी बसून चहा पीत असे.

तिसऱ्या चषकाच्या वेळी मात्र तिने विचारलंच, की खालच्या पितळी पट्टीवर तुझं एकट्याचंच नाव का? पट्टीवर जागा नसते गं, असं तो म्हणाला. अर्ध्या सेंटिमीटरवरून शिंप्यांशी भांडणाऱ्या ताईने पट्टी निरखून पाहिली. कप्तानाच्या नावाखाली चष्म्याच्या दुकानाचं नाव होतं आणि त्याखाली फोन नंबर होता. ते तिला फार लागलं. पैसे नकोत, फोटो नको, तिला फक्त आपण त्या होडीत होतो एवढं कोणीतरी म्हणायला हवं होतं. सारखं वजन म्हणवून घेऊन ती कंटाळली होती.

सहाव्या वर्षी चषक शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपला. कप्तान आणि दातांचा डॉक्टर बरोबरीत होते. दोघांत जो पुढे, चषक त्याचा. कप्तानाने दुकानातल्या काचेच्या कपाटात सहाव्या चषकाची जागा पुसूनसुद्धा ठेवली होती.

वारा सणसणीत होता. वहिनीचा डबा तीन मजली आला होता. वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खालच्या नारिंगी बोयापाशी ते डॉक्टरच्या चांगले पुढे पोचले. बोयाला वळसा घालून वाऱ्याला तोंड देत वर जायचं, की शर्यत संपली. वळताना कप्तानाने बोया अगदी जवळून घेतला. होडी कलंडली, ताईने अंग बाहेर झोकून दिलं, आणि तिचं बूड बोयावर दणकन आपटलं.

आता या खेळात पंच प्रत्येकाच्या मागे धावत नाही. होडी, माणूस, दोर, काहीही बोयाला लागलं तर आपणच जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढे जायचं. पंचांची बोट त्या वेळी कोणाला तरी पाण्यातून काढण्यात गुंतली होती. डॉक्टर मागे शिडाशी झुंजत होता. पाहिलं कोणीच नव्हतं.

"गिरकी घे," ताई म्हणाली.

"कशाला? होडी कुठे लागली?" कप्तान समोर बघत म्हणाला. "तूच लागलीस."

"मग मी होडीत नाही का?"

कप्तानाने शिडाचा दोर आणखी आवळला. सुकाणू त्याच्या हातात होतं आणि होडी सुसाट चालली होती. ताईला भयंकर राग आला. तिने पट्ट्यातले पाय काढले, उठली, आणि सरळ होडीच्या दुसऱ्या अंगाला, पडत्या बाजूला जाऊन बसली.

एवढं वजन तिकडे गेल्यावर होडी काय करणार? ती कलंडली आणि तिने वाऱ्याकडे तोंड फिरवलं. कप्तान सुकाणू पोटाशी धरून ओढत होता, ओरडत होता, पण होडी त्याला जुमानेना. शीड फडफडायला लागलं. अर्धी गिरकी झाली होती आणि होडी मध्येच अडली होती. ताई हाताची घडी घालून बसली.

कप्तानाने तिच्याकडे पाहिलं. मग तोंडाने काहीतरी पुटपुटत त्याने सुकाणू फिरवलं आणि उरलेली अर्धी गिरकी स्वतः पुरी केली. तेवढ्यात डॉक्टर शेजारून निघून गेला. मग दोघांनी जीव तोडून पाठलाग केला, पण ते अर्ध्या होडीने हरले.

किनाऱ्यावर डॉक्टर स्वतःच त्यांची होडी ओढायला आला. चांगला माणूस, जिंकल्याचा त्याला संकोचच वाटत होता. गिरकी का घेतली, त्याचं कारण वेळ नोंदणाऱ्या म्हाताऱ्याला सांगावं लागे. तोही वही घेऊन आला. ताई गुडघाभर पाण्यात जरा बाजूला उभी राहिली. आता काय होणार ते तिला पाठ होतं. ताई लागली, असं तो म्हणेल. खोटंही नाही. सगळे हसतील, आणि दरवेळसारखं तिलाही हसावं लागेल.

"होडी लागली बोयाला," कप्तान म्हणाला.

म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवून होडीची ती बाजू पुढून मागे न्याहाळली. डॉक्टरने वाकून हात फिरवला. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

"कुठे लागली? ओरखडा तर नाही," म्हातारा म्हणाला.

"ओरखडा आहे," कप्तान म्हणाला, "पण चारचौघांत दाखवण्यासारख्या जागी नाही."

कोणाला काही कळायच्या आत ताई हसायला लागली. पाण्यात उभी राहून, ठणकणाऱ्या कमरेवर हात ठेवून ती इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लवकर थांबेना. पाच चषकांच्या वेळी झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या हरण्याचा झाला. मग तिने डोळे पुसले, होडीची एक बाजू धरली, आणि कप्तानाला दुसरी बाजू नीट धर म्हणून सांगितलं.