अठरावं लागलं, अठरावं सरलं

सर्व्हेवाली ताई आमच्या धाड गावाजवळच्या खेड्यात आली तवा माह्या कडेवर नऊ महिन्याची पोरगी होती अन् मनात भेव, कारण घरोघर ती हेच इचारे, लग्न झालं तवा वय किती, पह्यलं लेकरू कितव्या वर्षी. आमच्याकडं अठरावं लागलं तरी अठराच म्हणतात. माह्या लग्नात मले अठरावं नुसतं लागलं होतं, सरले होते सतराच. सासूबाईनं सकाळीच दटावलं, पुरे अठरा सांग, नाहीतं पोलीस तुह्या बापालेबी नेतीन अन् माह्या लेकालेबी.

मी अठराच सांगतलं.

शेजारची म्हातारी तं म्हणे, लिहा, जवारी हुरड्यात आलती तवा झालं माहं लग्न. ताई हासली नाही. त्या साली पाणी कसं होतं, थोरलं पोरगं किती वर्षानं झालं, असं इचारत इचारत तिनं म्हातारीचं वय काढलंच. मले तवाच ती आवडली.

दुपारी तिची जीप चार वाजता येणार होती म्हणून ती आमच्या ओसरीवर चौकटीचा कागद घेऊन बसली. मी चहा घेऊन गेली. कागदावर खाली वयं मांडलेली, अन् जितक्या बायाचं लग्न त्या वयात, तितके ठिपके एकावर एक. अठरावर खांबच उभा, वीसवर दुसरा, सतरावर अन् एकोणीसवर खड्डे. मी आठवी शिकली, मंग शाळा दूर पडली, पण येवढं समजलं.

मंग ती एकेका वयाचा आकडा घे, त्याच्या आजूबाजूचे दोन घे, तिघाची बेरीज, भागिले तीन, अन् तिथं पेन्सिलीची खूण करे. सगळे झाले का पुन्हा पह्यल्यापासून. मले राहावलं नाही, इचारलं, हे काऊन करून राह्यल्या? ती म्हणे, बाया तोंडात बसलेले आकडे सांगतात, अन् गावात बायाही थोड्या, म्हणून रेघ उड्या मारते, खरं आयुष्य अशा उड्या मारत नाही.

"म्हणजे सारवणंच झालं हे," मी म्हटलं. "उंचवट्याची माती हातानं खड्ड्यात."

तिनं पेन्सिल थांबवली. "अगदी बरोबर. फक्त बाहेरची माती आणायची नाही."

मले आजवर कोणी अगदी बरोबर म्हटलं नव्हतं.

तिनं खुणा जोडल्या तं रेघ टेकडीवानी हळूच चढली, हळूच उतरली, अन् सतरावरचा खड्डा भरून आला. अख्ख्या गावानं लपवलं ते त्या रेघेनं कोणाचं नाव न घेता सांगून टाकलं. मी इचारलं, याच्यावरून पोलीस येतात का.

ती म्हणे, कागदावर नाव नाही, यातून कोणती एक बाई सापडत नाही. किती मुलींचं लग्न किती लवकर होतं, म्हणजे किती जणी लवकर आई होतीन, तेवढं दिसतं, मंग दवाखान्यात त्याच्या मापानं सोय मागता येते. "पण हा माझा अंदाजच. खरं तुम्हालाच ठाऊक."

आतून सासूबाई म्हणे, चहा पाजून राह्यली का ऊस गाळून राह्यली. पोरगी पदर ओढे, अन् माह्या तोंडातून एका दमात निघून गेलं, "ताई, मले अठरावं लागलं होतं. सरलं नव्हतं."

ताईनं अठरावरचा एक ठिपका खोडला अन् सतराच्या खड्ड्यात दिला. मान वर केली तं दारात सासूबाई. आता काही खरं नाही, असं वाटलं मले. सासूबाई पुढं आल्या अन् कागदावर वाकल्या.

"नाव नाही ना याच्यावर?"

"नाही, मावशी."

"मंग माहाबी खोडा. माहं तं सोळावं लागलं होतं."

ताईनं सारी बेरीज पुन्हा केली. रेघ केसभरच हलली. येवढ्या गुणाची ती, पण तोऱ्यानं बोलली नाही, कपबशी सोताच मोरीवर नेऊन ठेवली अन् जीपकडं गेली.

पोरगी आता सव्वा वर्षाची झाली, भेव अजून हाये. पण पोरीचं वय कोणी इचारलं का मी दुसरं लागलं असं म्हणत नाही. एक सरलं, म्हणते.