नाव माहीत नसलेली लेखिका

कारखान्यात माझ्या नावाने फोन आला की गावी आईला काहीतरी झालं, असंच मला वाटतं. गेल्या महिन्यात तसाच धावत ऑफिसात गेलो. फोन इथल्याच मल्लेश्वरम भागातल्या पुस्तकवाल्या मामांचा होता. "गिरिजाक्का गेल्या रे..."

अक्का गोष्टी लिहायच्या. दोन पुस्तकं. तुम्ही वाचली नसतील, त्यात तुमचा दोष नाही. मी आठवीत शाळा सोडून इथे शिवणकामाला आलो, इथली कानडी बोली कळेना, परत जायचं पक्कं केलं होतं. मामांच्या दुकानाबाहेर टेबलावर पुस्तकं असायची, कुणीही चाळावीत. मराठी अक्षरं दिसली म्हणून एक उचललं. परक्या गावात पहिल्यांदा भात शिजवणाऱ्या पोराची गोष्ट होती. उभ्यानेच वाचली, आणि राहिलो. पुढे मामांनी लेखिकेशी गाठ घालून दिली तेव्हा अक्का हसल्या. "म्हणजे तू पण भात करपवलास की रे तम्मा!" त्या दिवसापासून मी त्यांचा तम्मा, धाकटा भाऊ.

वर्षापूर्वी मामांच्या मुलाने इंटरनेटवर विक्री सुरू केली. टेबल गेलं, कॉम्प्युटर आला. "आता अमेरिकेतपण वाचतील तुम्हाला," तो म्हणाला. त्याने अक्कांचं नाव टाइप केलं. दोन्ही पुस्तकं आली, नाव आणि किंमत.

"आहे की रे मी!" अक्का खूश. मग शोधायच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण माझं नावच ज्याला माहीत नाही, तो इथे काय लिहील?"

"जे माहीत आहे ते लिहील," मुलगा म्हणाला.

"सरी, बरं. मग झालंच."

वर्षभरात एकही मागणी आली नाही. तिसरं पुस्तक लिहून तयार होतं. प्रकाशक विचारत राहिले, आधीची किती खपली? ते छापलेलं बघायचं अक्कांचं राहूनच गेलं. मुलाने मनापासून केलं होतं, त्याच्यावर काय चिडू? पण चिडचिड जात नाही. टेबलावरचं पुस्तक उचललं त्या संध्याकाळी त्या चौकटीत मी तरी काय लिहिलं असतं? घरी जावंसं वाटतंय, एवढंच ना...

अक्कांच्या पुढच्या खोलीत टीपॉयवर त्यांचं पुस्तक कायम उघडं असायचं, पंख्याने पान उलटू नये म्हणून वर गुळगुळीत दगड. मीटरवाला येवो, गॅसवाला येवो, अक्का त्याला बसवून कॉफी करायला आत जायच्या आणि त्याचं पान वाचून होईतो मुद्दाम उशीर लावायच्या.

परवा गेलो, तर पुस्तक तसंच उघडं होतं. अक्कांच्या बहिणीने कॉफी लगेच आणली.