आतारमामा आणि माझी सही

कुंकवाचा डबा उघडायच्या आधी आतारमामा पायातल्या चपला काढायचा. काष्टीच्या आठवडे बाजारात, भर उन्हात, तापलेल्या फुफाट्यात. बाई कुंकू मागायला समोर उभी राहिली की आधी चपला बाजूला, मग फडक्याला हात पुसणार, मग डबा. सुया, दोरे, काळी पोत, अत्तराची बाटली विकताना चपला पायात चालायच्या. मी एकदा हसून विचारलं, "आतार, तुझ्या धर्मात हे कुठं सांगितलंय?" तो म्हणाला, "धर्मात न्हाई सांगितलं, दाजी. पर ह्या बाया नवऱ्याच्या आयुष्यासाठी नेत्यात हे. तुमचं आयुष्यबी ह्याच डब्यात हाय. पायताण घालून हात लावू व्हय?"

गाव त्याला मामा म्हणायचं, मला मात्र तो दाजी म्हणायचा. त्याचं कारण माझी मंडळी, शेवंता. तिला भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. आमचं लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. आतार त्या दिवशी राहिलेलं उटणं घेऊन दारावरून चालला होता. थांबला आणि म्हणाला, "ताई, चांदोबाला कशाला तरास देता? मी हाय की हितं, रिकामाच." शेवंता हसली आणि पाट मांडला. त्यानंतर एक भाऊबीज चुकली नाही. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. बहिणीच्या नवऱ्याचा मान म्हणून. तो मान मी पुढं कसा फेडला ते सांगायलाच बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस आहे, जसं येतंय तसं लिहितो.

दुकानातलं लालभडक कुंकू त्याला चालायचं नाही. "त्यो रंग हाय, कुंकू न्हाई. त्यानं कपाळ भाजतंय आन् आंघोळीचं पानी नदीला गेलं की मासं मरत्यात," म्हणायचा. स्वतः हळकुंडं आणायचा, लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवायचा, सावलीत वाळवून कुटायचा. लिंबं माझ्या बागेतली. आमच्या श्रीगोंद्याच्या भागात लिंबाला तोटा नाही. शेवंता दर खेपेला पिशवी भरून द्यायची आणि तो ती मोजून घ्यायचा नाही, हुंगून घ्यायचा. कधी घाई झाली तर कुंकू पुरतं वाळलेलं नसायचं, हाताला ओलसर लागायचं. बाया कुरकुरल्या की म्हणायचा, "बाई, अजून निजलंय ते. उद्या जागं हुईल."

नदीवर त्याचा फार जीव. भीमेच्या वाळूत हातभर उकरून झिरा करायचा आणि त्यातलंच पाणी प्यायचा. पुढं नदीत मशिनी उतरल्या. दिवसाढवळ्या ट्रॅक्टर भरून वाळू जायला लागली, झिरे आटले, काठच्या विहिरी खाली गेल्या. पारावर सगळे हळहळायचे आणि घरी जाऊन गप बसायचे, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या धंद्यात होतं. आतार एकटा बोलायचा. "वाळू म्हंजी नदीची गादी हाय. गादी काढून नेल्यावर ती निजंल कशी?" लोक त्याला म्हणायचे, मामा, तू सुया वीक.

त्यानं तहसीलला अर्ज केला. ट्रॅक्टरांचे नंबर लिहून केला. द्यायच्या आधी माझ्या घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दाजी, अर्जात तुमच्या पोराच्या ट्रॅक्टरचाबी नंबर हाय. मागनं कुनाकून कळन्यापरीस माज्या तोंडनं कळावा म्हनून आलो."

मी म्हणालो, "भाचा म्हणतोस ना त्याला?"

"भाचा हाय म्हनून तर सांगाया आलो. बाकीच्यांच्या घरी कुटं गेलो?"

शेवंता आतून म्हणाली, "नंबर खोटा हाय का? न्हाई ना? मग चा घ्या दोघं." त्यानं चहा घेतला. माझा तसाच निवला.

पंधरा दिवसांत मोबाईलवर एक फोटो फिरायला लागला. डब्यातलं ओलसर कुंकू, आणि खाली लिहिलेलं, आतार कुंकवात थुंकतो. हे कुणी सुरू केलं मला ठाऊक आहे. माझा पोरगा त्या वाळूवाल्यांच्यात बसून रोज चहा पितो. आणि ज्या बायांनी जन्मभर त्याच्या हातचं कुंकू लावलं, त्याही म्हणायला लागल्या, व्हय की, ओलंच असायचं.

पोलीस आले तेव्हा आतार लिंबं न्यायला माझ्याच शेताच्या बांधावर आला होता. पंच म्हणून गावातला जाणता माणूस पाहिजे होता. हवालदारानं मला हाक मारली. खोटं कशाला सांगू, मला त्यात मोठेपणा वाटला. डबे एका रांगेत मांडले होते. हवालदारानं लिहिलं आणि कागद पुढं केला, "बाबा, वाचत नका बसू, सही करा." तरी मी चष्मा लावला आणि वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं. 'डब्यात लाल रंगाची, ओलसर, आंबूस वासाची संशयास्पद भुकटी मिळून आली.' ओलसर कशानं ते मला माहीत होतं. आंबूस वास माझ्याच लिंबांचा होता. तेवढंच बोलायचं होतं, साहेब, हा लिंबाचा रस आहे, माझ्या झाडाचा. हवालदार हळूच म्हणाला, "तुमच्या पोराचा ट्रॅक्टरबी आहे म्हणे त्या अर्जात? बघू त्याचं काय करायचं ते." आतार माझ्याकडं बघत होता. विनवणी नव्हती त्याच्या तोंडावर. वाट बघत होता, बस. मी सही केली.

घरी आल्यावर शेवंतानं विचारलं, "वाचून सही केली का न वाचता?"

मी म्हणालो, "चष्मा न्हवता."

ती माझ्या बंडीच्या खिशाकडं बघून "बरं" म्हणाली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवायला वाढायची, औषधाची आठवण करायची, बोलणं सगळं पहिल्यासारखं. फक्त मी काही सांगायला लागलो की हातातलं काम थांबवायची नाही. पूर्वी थांबवायची.

आताराला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, मग केस झाली. कुंकू तपासायला पाठवलं म्हणे, त्याचा कागद कुणी पाहिला नाही. नदीच्या अर्जाचंही कुणी नाव काढलं नाही. बाजारात त्याला पथारी टाकू देईनात. तो लेकीकडं श्रीगोंद्याला गेला.

मग शेवंता गेली. सवाष्ण गेली, म्हणून बायांनी मळवट भरायला घेतला. घरात दुकानातल्या कुंकवाची पुडी होती. तेवढ्यात आतार आला. कुणी कळवलं कोण जाणे. फाटकात गावातल्या पोरांनी अडवलं, "कुठं निघालास?" तो म्हणाला, "आत येत न्हाई. एवढी पुडी आत द्या, ताईच्या कपाळाला." कुणी हात पुढं केला नाही. मी दहा पावलांवर बसलो होतो. माझ्या घरचं मयत, माझी बायको, एक शब्द बोललो असतो तर कुणाची टाप नव्हती मला अडवायची. मी तिरडी बांधणाऱ्याच्या हाताकडं बघत राहिलो. दुकानातल्या रंगानं भरलेलं कपाळ घेऊन ती गेली.

आता घरात मी आणि टीव्ही. बातम्या लागतात. कुठल्या जत्रेत कुणी दुकान लावायचं नाही याचा ठराव झाला, कुठं पोलिसांनी कुणाला उचललं, कुठं नदीसाठी कुणी उपोषणाला बसलं. पोरगा बघतो आणि म्हणतो, बरं झालं, असंच पाहिजे. शेजारचे मास्तर म्हणतात, देश बिघडला. मी दोघांनाही काही म्हणत नाही. ठरावाखाली सह्या दाखवतात ना, त्यात माझ्यासारखे किती, एवढंच बघतो. देश कुणी बिघडवला ते मला कळत नाही. आमच्या बांधावर काय झालं तेवढं कळतं.

शेवंताच्या वर्षश्राद्धानंतर मी एसटीनं श्रीगोंद्याला गेलो. आतार लेकीच्या दारात खाटेवर बसला होता. फार वाळला होता. मला बघून सरकला, जागा केली. पहिलं विचारलं ते, "ताईला शेवटाला लई तरास झाला का?" नाही म्हणालो. मग म्हणालो, "आतार, माझं चुकलं. मी वाचून सही केली." तो म्हणाला, "मला म्हाईत हाय. चष्मा लावला तवा मी समोरच हुतो की." आणि मग, जरा कडक आवाजात, "दाजी, हे मला सांगून काय उपेग? माज्या घरात मी चोर न्हाई. कोर्टात या. साक्षीला बोलावतील तवा साहेबापुढं बोला. पोरगा बिथरंल. तरी बोला." मी शब्द दिला. निघताना त्यानं चहा पाजला. मी तो गरमच प्यालो, तोंड पोळलं तरी.

समन्स यायला पुढं बरेच महिने गेले. पोरानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "सही माझीच, एवढंच म्हणायचं, बाबा." मी म्हणालो, "काय म्हणायचं ते मी बघतो." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तारखेला मी धुतलेलं धोतर नेसून सकाळीच कोर्टात गेलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. दुपारपर्यंत पुकारा झाला नाही, म्हणून आत जाऊन कारकुनाला कागद दाखवला. त्यानं बाड चाळलं. "आरोपी मयत. मागच्या महिन्यातच केस बंद झाली. तुम्हाला कळवलं नाही का?"

मी म्हणालो, "साहेब, मी पंच आहे. त्या कागदातलं खोटं आहे. डब्यात कुंकू होतं. मला माहीत होतं. तेवढं लिहून घ्या."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "बाबा, कशात लिहू? केसच राहिली नाही."

म्हणून इथं लिहिलं.