मैथिलीची घागर

उद्धवसर वालूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे आणि मी मराठी. वीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. म्हणून सांगतो, या माणसाला कुणी वेडा म्हणालं तर मी थोबाडीत देईन.

गेल्या दिवाळीआधी त्यांच्या मैथिलीला ताप भरला. एकुलती एक लेक. सर म्हणाले, उद्याचा सहामाहीचा पेपर होऊ दे, मग परभणीला दाखवू. तिनं पेपर दिला. डेंग्यू निघाला आणि तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

पुढं दोन महिन्यांनी मोबाईलवर परदेशातल्या एका क्वांटम चिपची बातमी आली. साध्या कॉम्प्युटरला जन्मात सुटणार नाही ते गणित तिनं चुटकीसरशी सोडवलं म्हणे. एवढी आकडेमोड एका जगात मावत नाही, ती बाकीच्या जगांतही चालली असणार, असं कुणीतरी लिहिलं होतं. सरांनी तेवढंच धरलं. फाटा फुटला की दोन्ही वाटा खऱ्या, म्हणायचे. एका जगात मी तिला त्याच दिवशी परभणीला नेलंय, ती जिती आहे. स्टाफरूममधले लोक माना डोलवायचे आणि मागून हसायचे. लाज नाही मेल्यांना.

त्यांचा विद्यार्थी नचिकेत पुण्यात याच विषयात संशोधन करतो. सरांनी त्याला फोन लावला. त्यानं भीत भीत सांगितलं, जगं अनेक माना की एकच, चिपचं उत्तर तेच येतं; शास्त्रज्ञांतच वाद आहे. वाद आहे ना, मग झालं, म्हणून सरांनी फोन ठेवला.

मग आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडं माणूस गेलं की पहिल्या आखितीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात. भरली की ते पितरांत गेलं. सरांनी बजावलं, जित्या पोरीची घागर भरायची नाही. त्यांच्या मंडळी, कावेरीवहिनी, लय विनवत होत्या, लेकरू तहानलेलं राहील म्हणायच्या. शेवटी त्यांनी मला मध्यस्थीला बोलावलं. मी काय बोलणार, कप्पाळ!

वहिनी कोरी घागर घेऊन सरांसमोर बसल्या. आवाज चढवला नाही.

"त्या जगातबी तुमीच हायता ना? तिथं तुमी लेकराला नेलं. मग हितं का न्हाई नेलं?"

मला वहिनींचा राग आला. बुडत्याच्या हातची काडी काढून घेतली बाईनं. पण लेक तिचीही होतीच की.

सर उठले, घागर भरून आणली, पाटावर ठेवली. ठेवताना गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. शेवटी नाव वहिनींनीच घेतलं.