अक्कांनी काढून नेलेला दांडा

कुणाच्याही घरी गेल्या की अक्का समोर आलेलं पाणी आधी तपासायच्या. पर्समधून रसायनाची बाटली काढायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा आणि मगच घोट. एकदा यजमानीणबाईंचा चेहरा पडला. अक्का म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे की. तुमच्या टाकीवर नाही."

नव्वदच्या दशकात बेंगळुरूतल्या एका सरकारी पाणी-प्रयोगशाळेत त्या अधिकारी होत्या. मूळच्या निपाणीच्या. पाण्यातलं विष मोजणारं नवं परदेशी मशीन बसवायला कंपनीने मला पुण्याहून तिथे पाठवलं होतं. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, प्रयोगशाळेच्या साहेबांनी मशीनला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि धूळ नको म्हणून ते कपाटात कुलूपबंद केलं. अक्कांनी सरळ किल्ली मागितली. "पूजा झाली न्हवं? आता कामाला लागू दे त्याला."

बोम्मसंद्र्याच्या एका वस्तीतल्या हातपंपाच्या पाण्यात क्रोमियम निघालं, शेजारच्या कारखान्याच्या सांडपाण्यातलं. "मशीन नवीन आहे, स्वल्प थांबा," साहेब म्हणाले. अक्कांनी पुन्हा तपासलं. तेच निघालं. संध्याकाळी त्या स्वतः पंपाला धोक्याचा लाल रंग फासून आल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर पंपाला हार, उदबत्ती आणि पुढे कळश्यांची ही लांबलचक रांग! लोकांना वाटलं, सरकारने पंपाची पूजा केली. मला हसू आवरेना. अक्का भडकल्या, पण लोकांवर नाही. "लाल म्हणजे धोका, हे आपण यांना सांगितलं काय रे, पुणेकर?"

मग घरोघर फिरून त्यांनी कन्नडमध्ये समजावलं, पाना मागवून पंपाचा दांडाच काढला आणि टँकर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

"दांडा सरकारी मालमत्ता आहे," साहेब गरजले.

"माणसंही सरकारचीच आहेत, सर. नळ द्या, दांडा घ्या."

नळ आला नाही, अक्कांची बदली मात्र आली. निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "नळ येईस्तोवर कुणाला द्यायचा नाही." मी मुळात भित्रा माणूस. पण साहेबांनी मागितला तेव्हा तोंडावर नाही म्हणालो. त्या बाईंचा मला आजही अभिमान वाटतो, आणि त्या दिवसापुरता स्वतःचाही.

अखेर वस्तीत नळ आला. दांडा परत करायला निघालो आणि वाटेत बूथवरून फोन लावला. "अक्का, पाणी आलं!"

पलीकडून आवाज आला, "तपासलंस काय?"

दांडा तसाच काखेत धरून मी त्या नळाच्या पाण्याची बाटली भरायला मागे फिरलो.