टेबलावर कुणाचं बाळ झोपतं?

रविवार, संध्याकाळ.

कित्येक महिने इथे काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. विचारणाऱ्यांना "कामात आहे" एवढंच सांगत होते... ते खरंच होतं, पण काम कसलं हे सांगायला जरा संकोच वाटायचा. बाळांचा डायपर ओल जास्त चांगली कशी धरेल, यावर मी डोकं लावून बसले होते!

चितेगावच्या आमच्या छोट्या कारखान्यात माल तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. डायपरच्या पोटात कापसासारखा लगदा असतो आणि त्यात एक पावडर, ओल लागली की तिची जेली होते. ही पावडर सगळीकडे सारखी न पसरता पुढच्या भागात जास्त भरली, तर डायपर पातळ होईल आणि ओलही पटकन धरेल, ही कल्पना माझी.

टेबलावर डायपर सपाट ताणून ठेवायचा, पुढच्या खुणेवर निळं मीठपाणी ओतायचं आणि बघायचं. दर वेळी निकाल उत्तम. शुक्रवारी मी साहेबांना "हो" म्हणून टाकलं... उद्या सकाळी मशीनवर नवा माल चढणार होता.

आज मोठ्या तोऱ्यात त्या नव्या डायपरची पिशवी घेऊन कन्नडला ताईकडे गेले. माझी भाची मयुरी बाळंतपणाला आलेली अजून माहेरीच आहे. तिच्या ओवीला मी स्वतःच्या हाताने नवा डायपर घातला, दुधाची बाटली संपल्यावर मयुरीने तिला झोळीत टाकलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

दाजींना एका साखरपुड्याला जायचं होतं. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले आणि जाता जाता नातीचा पापा घ्यायला म्हणून त्यांनी तिला झोळीतून उचललं...

"काय मेव्हणीबाई, जायकवाडीचे दरवाजे उघडले व्हय तुमच्या फॅक्टरीनं?"

शर्टावर छातीपासून पोटापर्यंत नकाशा. ओवीची पाठ मानेपर्यंत ओली आणि ती मात्र आजोबांकडे बघून हसत होती. ताईला हसू आवरेना.

आता माझी गंमत बघा. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "मयुरी, पट्ट्या सैल लावल्यास का गं?" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तूच तर लावल्यास." स्वतःच्या कामावर शंका घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या हातावर घ्यायची, ही घाई मला कधीपासून लागली, कोण जाणे.

डायपर काढून उघडून पाहिला. पुढचा भाग, जिथे मी सगळी पावडर भरली होती, कागदासारखा कोरडा! मागचा भाग टम्म फुगून कमरेवरून वाहत होता. मग मी झोळीकडे पाहिलं... बाळाचं डोकं वर, पाय वर, आणि बूड सगळ्यात खाली. पाणी उताराकडेच जाणार ना?

"मग उलटा घाल की," ताई म्हणाली. "पुढचं मागं." "असं घालत नाहीत गं," मी म्हणाले. "बरं बाई, नसतील घालत. तोवर ह्यांचे शर्ट आहेतच."

परतीच्या वाटेवर दौलताबाद येईपर्यंत मी मनातल्या मनात ताईशी भांडत होते. घरी आल्यावर मात्र जुनी सुती साडी काढली, पाळण्याच्या रिकाम्या कडीला झोळी बांधली आणि लेकीच्या जुन्या बाहुलीला उलटा डायपर घातला. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या शबानाभाभी वाटी परत द्यायला आल्या. चाळिशी उलटलेली बाई बाहुलीला झोका देतेय, हे बघून दारातच थांबल्या.

"क्या दीदी, सब खैरियत है ना?"

सगळं सांगितल्यावर त्यांनी ओढणी खोचली, दोरी हातात घेतली आणि म्हणाल्या, "आप पानी डालो, मैं झुलाती." झोका देताना त्या चक्क गुणगुणतही होत्या. पाणी सगळं मागे गेलं आणि तिथेच राहिलं... झोळी कोरडी! आम्ही दोघी टाळ्या पिटत ओरडलो.

पण मन काही ऐकेना. बाहुलीला गादीवर पालथं घालून पुन्हा पाणी ओतलं, तर आता पुढून चादर ओली. म्हणजे ताईचं उत्तर झोळीपुरतं बरोबर आणि माझं टेबलापुरतं. पावडर पुढेही हवी, मागेही हवी... किती आणि कुठे, ते मला अजून माहीत नाही.

फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. एवढ्या महिन्यांचं काम आपणच अडवायचं? पण ओवीसारख्या किती बाळांची पाठ ओली होईल, आणि किती आया पट्टी नीट लागली नाही म्हणून बोलणी खातील! शेवटी साहेबांना सांगून टाकलं, "सर, उद्या माल चढवू नका. चूक माझी आहे."

पलीकडून ते हसायलाच लागले. "मॅडम, माझी दोन्ही पोरं झोळीतच वाढली की हो! टेबलावर कुणाचं बाळ झोपतं? मशीनला उद्या जुनाच माल लावतो. तुम्ही तुमचं बघा."

ओवीबाई, तुझे आभार. इतक्या खुशीत माझी चूक मला आजवर कुणी दाखवली नव्हती. दाजींचा शर्ट मी धुऊन देणार होते, पण ते म्हणतात राहू दे, पाहुण्यांना दाखवायचाय.

उद्याचं काम : तपासणीच्या खोलीत छताला झोळीसाठी कडी बसवून घेणे.