मामांची गुंगी

आमच्या मामांइतक्या रुबाबात गुंगीत जाणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. भिंगारच्या छावणीतून निवृत्त झालेले कारकून, विधुर. हौशी नाटकांत त्यांना जन्मभर भालदाराचंच काम मिळालं. मोठ्या भूमिकेची भूक त्यांनी सन एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरमधल्या एका इस्पितळात भागवली. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की हाड बसवताना गुंगीचं इंजेक्शन दिलेल्या रोग्याचा श्वास मंदावला तर काय करायचं, हे नर्सबाईंनी खऱ्या रोग्यावर शिकू नये. म्हणून धडधाकट माणूस टेबलावर निजवायचा, इंजेक्शन दिल्यासारखं करायचं आणि पुढचं सगळं त्यानं वठवायचं. मामा त्याआधी हाड कसं मोडलं, म्हणजे बैलानं कसं पाडलं, याची हकिकत सांगत. डॉक्टर म्हणत, "मामा, एव्हाना औषध चढलं असेल." "चढतंय," मामा म्हणत, "पण अजून बैल यायचाय." एकदा पाहणीला आलेल्या सभापतींनी चुकून हार टेबलाकडे आणला, तेव्हा मामांनी पूर्ण बेशुद्धीत मान पुढे केली.

नर्सबाईंच्या परीक्षेच्या दिवशी मीही सोबत होतो. पारनेरकडची एक मुलगी होती. आधी एकदा नापास झालेली. आता हुकली तर घरी परत, आणि घरी स्थळ तयार. तिला सगळं येई, एक सोडून. श्वास मंदावला की रोग्याला नावानं मोठ्यांदा हाक मारायची, आणि वडीलधाऱ्याचं नाव काही तिच्या तोंडून निघेना. "अवो... अवो बाबा..." ती पुटपुटली. नावानं हाक आल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही, हा डॉक्टरांचा नियम. मामांमधला कारकून नियम मोडेना, आणि मामांना पोरीला घरीही धाडायचं नव्हतं. त्यांनी श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला, मग जांभळा. "मामा, पुरे!" डॉक्टर म्हणाले. मामा ढिम्म.

तेव्हा पोरगी किंचाळली, "ए गोविंदा! श्वास घे की रं! मरतूस काय!" आणि हनुवटी अशी उचलली, की मामांची कवळी खटकन मिटली. मामांनी श्वास घेतला. ती पास झाली आणि रडत त्यांच्या पाया पडली. "मामा, लई चुकलं माजं."

"चुकलं कसलं? फक्त थोडा उशीर केलास."

परतताना टांग्यात मामा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, अरेतुरे लागलं असावं. भिंगार जवळ आल्यावर म्हणाले, "जावईबापू, आई गेल्यापासून मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. जो तो मामाच म्हणतो."

मग टांग्यातून उतरताना म्हणाले, "अजून थोडा दम धरवला असता. पण कुणी इतक्या जिवाच्या आकांतानं बोलावतंय, तर म्हटलं, यावं परत."